दोनदा वाचलेलं नाव

घुगऱ्यांचा गहू शुक्रवारी सकाळी शिजवायचा, धुतलेल्या कापडावर पसरून कोरडा करायचा, मग त्यात डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम आणि साखर घालायची. स्तामाताच्या हातांना हे चाळीस वर्षं ठाऊक होतं. कागदाचं काम मात्र नवं होतं.

मृतात्म्यांच्या शनिवारी अंबेलाकी गावच्या चर्चमध्ये प्रत्येक घरातून दोन याद्या जातात. एका यादीवर वर क्रॉस काढायचा, खाली घरातल्या मेलेल्यांची नावं लिहायची. दुसरीवर क्रॉस नाही. ती जिवंत माणसांची, त्यांच्या आयुष्यासाठी. पाद्रीबाबा दोन्ही वाचतात. पूर्वी स्तामाता ही नावं घंटा वाजवणाऱ्या कोस्मासकडून लिहून घ्यायची, आणि तो नावागणिक एक टोमणा मारायचा. साठी उलटल्यावर ती पाद्रीणबाईंकडे बसून अक्षरं शिकली. आता निम्म्या आळीच्या याद्या तीच लिहायची.

"माझी गादी खालसा केलीस की गं," कोस्मास म्हणायचा.

"तुझं अक्षर देवालासुद्धा लागत नव्हतं, कोस्मास."

इतरांच्या याद्या लिहून झाल्यावर त्या शुक्रवारी एकच कागद उरला. तिने एका बाजूला क्रॉस काढला आणि आपल्या घरातले लिहायला घेतले. सासरा लांब्रोस, सासू, नवरा, लहानपणी गेलेली मुलगी. तेवढ्यात पातेलं उतू गेलं. ती धावली, विस्तव सारला, ओले हात पुसत परत आली आणि राहिलेली नावं लिहून टाकली. पहिलं मुलाचं. तिथे नातवाला आजोबाचंच नाव देतात, म्हणून मुलगाही लांब्रोस. मग सून गारुफो, जी सहा महिन्यांची पोटुशी होती. तिच्या नावाआधी मात्र स्तामाताने कागद उलटला, आपल्याला आता जिवंतांकडे वळायचंय असं मनाशी म्हणत.

दुपारी ती घुगऱ्यांची पहिली ताटली घेऊन समुद्रात घुसलेल्या किनोसुराच्या टोकाकडे निघाली. ही रीत तिला सासूने लावून दिली होती. त्या टोकावर मातीचा एक उंचवटा आहे. त्याखाली कोण आहेत हे गावात कुणी कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांनाच माहीत असतं. पर्शियाच्या राजाचं आरमार ज्या दिवशी या चिंचोळ्या पाण्यात बुडालं, त्या दिवशी वल्ही मारता मारता गेलेले लोक. अडीच हजार वर्षं होत आली. पाद्रीबाबा त्यांना वाचत नसत. एक तर त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि नावं कुणालाच ठाऊक नव्हती.

"आभार मानायला नाव कशाला लागतं?" सासू म्हणायची. "ते वल्हवत राहिले म्हणून आपण इथे चूल पेटवतो."

स्तामाताने ताटली ठेवली, गुडघे धरून खाली बसली आणि दर वर्षीसारखं म्हणाली, "उपकार आहेत तुमचे." एरवी तिची पाठ वळायच्या आत समुद्रपक्षी ताटलीवर तुटून पडत. त्या दिवशी ते खडकांवर ओळीने बसून राहिले. वारा पडलेला होता. आसपास एकही मेंढी नसताना ओल्या लोकरीचा आणि चरबीचा वास येत होता. तिला तो वाईट वाटला नाही. एखाद्या भरलेल्या घरात शिरल्यावर येतो तसा वाटला.

शनिवारी उजाडलं तेच धुक्यात. लांब्रोस बूट चढवत होता.

"आज मेलेल्यांचा दिवस," गारुफो म्हणाली. "एक दिवस जाळी राहिली पाण्यात तर काय बिघडेल?"

"तुझ्या डोहाळ्यांना मासे लागतात, आणि माशांना दिवस कळत नाही. टोकाखालीच आहेत जाळी. आई, तू चर्चमध्ये जाऊन ये, तोवर मी आलोच."

त्याच्या होडीला इंजिन नव्हतं. दोन वल्ही, दोन खुंट्या आणि खुंट्यांना तेल पाजलेले चामड्याचे फास. ती वल्ही घरी ऐकू यायची. त्या दिवशी दहा-बारा ठोके ऐकू आले आणि धुक्याने गिळले.

चर्चमध्ये मेणबत्त्यांचा आणि उकडलेल्या गव्हाचा वास भरला होता. पाद्रीबाबा एकेक कागद उचलून वाचत होते. स्तामाताचं अक्षर दुरूनही ओळखू येई. मोठं, उभं, जपून काढलेलं. तिचा कागद आला.

"लांब्रोस, स्ताव्रुला, अनार्गिरोस, मारिया," पाद्रीबाबांनी वाचलं, आणि श्वास घेऊन, "लांब्रोस."

स्तामाताला आधी काहीच वाटलं नाही. मग तिने बोटांवर नावं मोजली. मेलेला लांब्रोस एकच होता.

बाहेर, पाण्याच्या बाजूला, लाकडावर लाकूड आपटल्याचा एक आवाज झाला. मग जरा थांबून दुसरा. पाद्रीबाबांनी मान वर केली.

"पुढे वाचू नका," स्तामाता म्हणाली. ती पुढे झाली, तिने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि पाहिला. क्रॉसखाली, तिच्याच अक्षरात, पाचवं नाव.

"चूक झाली असेल, आई," पाद्रीबाबा हळू म्हणाले. "देव काही कागद बघून चालत नाही."

"देवाची भीती नाही मला," पाण्याच्या बाजूकडे पाहत ती म्हणाली.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा गारुफो आधीच तिथे होती, हात पोटावर धरून. धुकं इतकं की धक्क्याचं टोक दिसेना. कोस्मास घंटा दुसऱ्याच्या हाती देऊन धापा टाकत आला. घंटा वाजत राहिली. लांब्रोसला हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

मग वल्ही ऐकू आली.

"आला," गारुफो म्हणाली.

कोस्मासने डोकं तिरपं केलं. तरुणपणी तो पाण्यावरच होता. "हे दोन वल्ह्यांचं नाही," तो म्हणाला. "विसांचंही नाही. मोजता येत नाहीत गं, स्तामाता. आणि सगळी एकदम पडतात."

ठोक्यांबरोबर कुणीतरी बासरीसारखं काही वाजवत होतं. एकच सूर, खाली, वर, खाली. आवाज किनोसुराकडून येऊन सामुद्रधुनीत वळला. त्यात घाई नव्हती. कामाला लागलेल्या माणसांचा आवाज होता तो.

स्तामाता धक्क्याच्या कडेला गेली. पायांवर पाणी आलं. तिने कागद समोर धरला, जसा पाद्रीणबाईंना गृहपाठ दाखवायची तसा.

"हे मी लिहिलं," ती पाण्याला म्हणाली. "उशिरा शिकले, चुकले. तो माझा आहे. त्याचं मूल यायचंय."

ठोके चालूच राहिले.

"तुमची जागा रिकामी राहत असेल," ती म्हणाली, "तर माझं नाव लिहा."

"अगं, म्हातारीला कोण वल्ह्यावर बसवतं?" कोस्मास पुटपुटला.

"हातच हवेत ना, मग हे माझे हात."

सगळी वल्ही एकदम थांबली. जणू एकाच माणसाने उचलली.



मग धुक्यातून लांब्रोसची होडी आली, सरळ, नाक धक्क्याकडे करून. वल्ही आत आडवी ठेवलेली होती आणि कोरडी होती. कुणी ओढत नव्हतं. होडीच्या दोन्ही अंगांना पाण्यावर भोवऱ्यांच्या लांब रांगा होत्या, सारख्या अंतरावर, आणि त्या हळूहळू विरत होत्या.

तो मधल्या फळीवर बसून होता. गारुफोने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि तेव्हा त्याने डोळे हलवले.

"माझं नाव पुकारलं," तो म्हणाला. "चर्चमधून ऐकू यावं तसं. मग बाजूला लाकडाची भिंत आली. मला जागा करून दिली." त्याने तळवे उलटून पाहिले. "शेजारी एक म्हातारा होता. त्याने विचारलं, कुणाचा तू? मी म्हटलं, स्तामाताचा."

"मग?" गारुफोने विचारलं.

"मग ते आपसात बोलले. घुगऱ्यांचं काहीतरी."

तीस वर्षं वल्ही मारलेल्या त्याच्या तळव्यांवर नवे फोड आले होते, बोटांच्या मुळाशी, जिथे त्याला कधीच येत नसत. आणि तो बसला होता तिथे मेंढीच्या कातड्याची एक उशी होती. पूर्वीचे वल्हवणारे बाकावर घ्यायचे तशी, खालून चरबी चोळलेली. कोस्मासने ती पाहिली आणि टोपी काढली. स्तामाताच्या मागून आलेल्या पाद्रीबाबांनीही, थोडा विचार करून, मान खाली घातली.

कागद स्तामाताच्या मुठीतच होता. घरी जाऊन तिने तो सरळ केला. चार नावं कोरडी, स्वच्छ. पाचवं ओलं होऊन पुसलं गेलं होतं. तिथे मिठाचा पांढरा डाग तेवढा उरला होता.

मे महिन्यात मुलगी झाली. रीतीप्रमाणे तिचं नाव स्तामाता ठेवलं.

पुढच्या वर्षी म्हातारीने दोन वेगळे कागद घेतले आणि पातेलं आधी उतरवलं. जिवंतांच्या यादीत तिने नातीचं नाव सगळ्यांत वर घातलं. क्रॉसच्या यादीत, शेवटी, सावकाश लिहिलं, थोरली स्तामाता.

"आई, हे चुकीच्या कागदावर आलंय," पाद्रीबाबा म्हणाले.

"बरोबर आहे ते. नाव दोघींचं एकच, कुणाचा गोंधळ व्हायला नको."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि वाचलं.

या वेळी टोकावर ती शुक्रवारी न जाता वाचन झाल्यावर दुपारी गेली. यंदा घुगऱ्या दुप्पट होत्या. लांब्रोसने ताटली उचलून दिली आणि तो खाली वाटेवर थांबला. उशी परत द्यावी म्हणून तिने बरोबर आणली होती. उंचवट्यावर ठेवली, आणि तिलाच कळेना का, पुन्हा उचलून घेतली. "उपकार आहेत तुमचे," ती म्हणाली. आजवर इतक्या मनापासून ती कधीच म्हणाली नव्हती.

उशी आता तिच्या खुर्चीवर असते. नात उशीवर चढून बसू पाहते, तेव्हा म्हातारी तिला हळूच उचलून मांडीवर घेते. सकाळी उठून पाहावं तर उशी ओली असते, आणि कधीकधी कोमट.

लेखणी धरून तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडलेला आहे, तो तिला ओळखीचा आहे. या वसंतात आलेले फोड लेखणीचे नाहीत. दोन्ही तळव्यांना, बोटांच्या मुळाशी, चार-चार. ती त्यांना दिव्यातलं तेल लावते, हात पदरात घेते, आणि सून काही विचारायच्या आत पीठ मळायला बसते.