कपाटाची जागा

घर विकायला काढलं की कळतं, आपण इतकी वर्षं किती कळकट जागेत राहत होतो. मला हे एजंटाने सांगितलं, तेही हसत हसत. भिंतीला ओल आहे, स्वयंपाकघर अंधारं आहे, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणजे गिऱ्हाईक नाक मुरडणारच. "पण तुम्ही काळजी करू नका ताई, मी बसलोय ना!" बसला होता खरा, माझ्याच खुर्चीत, माझाच चहा पीत. मी त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं होतं. तोंडावर नाही, घरातल्या घरात.

हौस म्हणून विकत नव्हतो. यांचे गुडघे गेले होते. खाली उतरणं बंद झाल्यापासून हे खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावर कोण कुठे चाललंय ते मला स्वयंपाकघरात ऐकू येईल इतक्या मोठ्यांदा सांगायचे. त्याच एजंटाकडे तळमजल्यावरची एक जागा होती. दोन खोल्या, एकही पायरी नाही, दार उघडलं की फूटपाथ. ती न बघताच हे मनाने तिथे राहायला गेले होते. "कोपऱ्यावरून पेपर मी आणणार," म्हणायचे, "तू मध्ये पडायचं नाहीस."

मी नोकरी केली ती वजनमापं तपासण्याच्या खात्यात. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या पट्ट्या. माणूस काय बोलतो यापेक्षा काटा कुठे थांबतो ते बघायची सवय. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी भोळसट म्हणायला नको.

पहिली आली ती शिवणकाम करणारी एक बाई. एकटी, केस पिकलेले, जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. घासाघीस केली नाही, विसार दिला आणि दोन दिवसांनी टेप आणि कापडावर आखायचा खडू घेऊन परत आली. बाहेरची खोली आम्ही, खिडकीशी यांची खुर्ची तेवढी सोडून, रिकामी करून ठेवली होती. रिकामी खोली मोठी दिसते, असं मधाच्या बोटाचं म्हणणं.

"आधी आखायचं, मग हलवायचं," ती म्हणाली. मग गुडघ्यांवर बसून तिने फरशीवर पलंग आखला, मशीन आखलं, कपाट आखलं. मी आपली सवयीने तिची टेप माझ्या पोलादी पट्टीला लावून बघितली. बरोबर होती. कपाटाची रेघ भिंतीपासून जराशी अलीकडे होती.

"तिथे थोडी माया सोडलीय," ती म्हणाली. उठून हात झटकले आणि विचारलं, "मग माझं झालं ना हे? एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"झालं हो तुमचं," मी म्हटलं. घर विकताना असं सगळेच म्हणतात.

आठवडा गेला नाही तोच एजंटाचा फोन. तळमजल्याच्या मालकाला दुसऱ्याने जास्त देऊ केलंय, आता तो आपल्यासाठी थांबायचा नाही. पण घाबरू नका, आपल्याही घराला नवीन पार्टी मिळालीय, बाईपेक्षा बरंच जास्त देणारी. इकडून आलं की तिकडे भरायचं. दोन्हीकडचा एजंट हाच, दोन्हीकडची दलाली याचीच! म्हणजे भाव वाढवणारा कोण हे मला काय कळत नव्हतं?

"शब्द दिलाय आपण," हे म्हणाले.

"शब्दावरून जिने उतरता येत नाहीत," मी म्हटलं. मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं. व्यवहार म्हणजे व्यवहार.

विसार परत द्यायला एजंट गेला. आल्यावर म्हणाला, "विचित्र बाई आहे हो. पैसे घेतले, भांडली नाही. म्हणाली, पैसे आले परत, पण त्यांचा 'हो' मी कसा परत करू?" आणि हसला. मी ओल्या फडक्याने फरशीवरच्या रेघा पुसल्या. एका हातात निघाल्या.

नवीन पार्टी म्हणजे नवराबायको, दोघंही घाईतले. खोली रिकामी, उजेड भरपूर. तरी तो गृहस्थ दारातून खिडकीशी गेला तो सरळ गेला नाही. भिंतीच्या कडेने अंग चोरून गेला. बायको सरळ निघाली आणि मधेच "आई गं!" करून पायाची नडगी धरून बसली. काय लागलं विचारलं तर तिलाच सांगता येईना. जाताना म्हणाली, "जागा चांगली आहे, पण सामानाने फार अडलीय."

"कसलं सामान?" मी विचारलं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं. ते परत आले नाहीत.

त्यानंतर एजंटाने आणखी माणसं आणली. कुणी दारातच थांबायचं, कुणी वळसा घालून जायचं. एक म्हातारे गृहस्थ तर हात जोडून म्हणाले, "तुमचं आवरून होऊ द्या, मग येतो." मी एजंटाला झापलं, तर तो म्हणाला, "ताई, बाजार थंड आहे." पण कपाळावरचा घाम पुसत होता आणि स्वतः आत येत नव्हता.

मग मी फरशी पुसताना बघितलं. पाणी सगळीकडे पसरायचं, ठिकठिकाणी मात्र टीचभर चौकोन कोरडे. पोतेरं तिथे नेलं की वाकडं होऊन बाजूला सरकायचं. मी पोलादी पट्टी काढली. मशीन होतं तिथून भिंतीपर्यंत... बघा, होतं म्हणून गेले! आखलं होतं तिथून. पट्टी सरळ जाईना. मध्येच कमान करून वर उठायची. मी ती तीनदा दाबली आणि मग गुंडाळून खिशात ठेवली. खोलीत मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास होता.

यांना मी काही बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. एकदा दुपारी भाजी चिरत होते, तर मागून यांचा आवाज आला, अगदी जवळून. वळून बघते तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. खिडकीपासून इथपर्यंत, काठी नाही, माझा हात नाही.

"कसे आलात?"

"धरत धरत," हे म्हणाले. असे खूश की काय सांगू! मला दाखवायला परत चालून गेले. डावा हात छातीच्या उंचीला, पंजा पसरलेला, कशावर तरी टेकवल्यासारखा. शरीराचा भार त्या हातावर होता. हाताखाली काही नव्हतं.

मला रडू आलं. आनंदाचं म्हणायचं की भीतीचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तळमजल्याची जागा त्याच आठवड्यात गेली. मालकाने तिसऱ्यालाच दिली. मधाच्या बोटाने हे फोनवर सांगितलं आणि वर "नशीब!" म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं, आणि धुपाटणं तरी आमचं कुठे होतं? नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

तेव्हा मी त्या बाईकडे गेले. नाक मुठीत धरून गेले. म्हणणार होते, घ्या घर, ठरल्या किमतीत घ्या, आम्ही कुठेतरी तळमजल्यावर भाड्याने राहू, एवढा आमच्या मागचा ससेमिरा सोडवा.

दार तिनेच उघडलं. खोलीत एक चटई होती आणि पाण्याचं भांडं. बाकी चार भिंती.

"तुमचं सामान?" मी विचारलं.

"पाठवलं ना. तुम्ही हो म्हणालात, लगेच पाठवलं."

"मग तुम्हीही या आता. ठरल्या किमतीत."

"नको."

"राग आहे का तुमचा?"

"आहे. खोटं कशाला बोलू? पण सामान जागेवर लागलंय, आता ते हलवायचं नाही. तुम्ही राहा तिथेच."

मी पायऱ्या उतरायला लागले. तिने वरून हाक मारली.

"अहो ताई, तुमचे यजमान कपाटाला धरून चालतात ना? जपा म्हणावं. भिंतीकडचा मागचा पाय आखूड आहे. सगळा भार टाकला तर कलंडेल."

मी तिला यांच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

ती आत गेली आणि पुठ्ठ्याची एक घडी घेऊन आली. दाबली जाऊन चपटी झालेली, एका बाजूला चौकोनी वळ. "हा तेवढा इथे राहिला."

रिक्षा मिळेना. मी धावत आले. या वयात, तिन्ही जिने.

हे कपाटाच्या जागेपुढे उभे होते, हात पसरून, पुढे झुकून.

"अगं, बरं झालं आलीस," हे म्हणाले. "आज जरा डुगडुगतंय."

"हलू नका. अजिबात हलू नका."

मी पालथी पडले. गाल फरशीला लावला. हात भिंतीकडे नेला, जिथे थोडी माया सोडली होती तिथे, आणि रिकाम्या जागेत पुठ्ठा सरकवला.

"हां," वरून हे म्हणाले. "आता नाही हलत." आणि सगळा भार टाकला.

मी पुठ्ठा ओढून बघितला. निघाला नाही.