दोन इंच कमी

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात एक नियम तीस वर्षं चालत आला होता. वहीत खरं माप लिहायचं, तोंडाने मात्र गिऱ्हाइकाला बरं वाटेल ते सांगायचं. पोरींची कंबर दोन इंच कमी, पोरांची छाती दोन इंच जास्त. कापड वहीप्रमाणे कापलं जाई आणि गिऱ्हाईक ऐकीव आकड्यावर खूश होऊन जाई. मास्तरांनी या खोट्याचे वेगळे पैसे कधी लावले नाहीत.

बहिणीची मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी ड्रेस शिवायला आली, तेव्हा तिची कंबर तीस भरली. "अठ्ठावीस," मास्तर जांभई देत म्हणाले.

आठ दिवसांनी ती परत आली. "मामा, ढगळ झालाय रे."

मास्तरांनी टेप लावली. अठ्ठावीस! जेवत नसेल नीट, असं म्हणत त्यांनी बाजू दाबून दिल्या आणि सवयीने बोलून गेले, "सव्वीस."

"अजून थोडी कमी हवी होती," ती आरशाकडे बघत म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बरोबर सव्वीस भरली. मास्तरांनी बहिणीला फोन लावला.

"डबा चाटूनपुसून खाते रे, दादा. तुझाच काहीतरी घोळ असेल."

फोन ठेवतात तोच व्यायामशाळेतला पोरगा आला. दारातून त्याला तिरकं होऊन आत यावं लागलं. "मास्तर, शर्ट परत उसवला," तो आनंदाने म्हणाला. तिसऱ्यांदा.

मास्तरांनी वही उघडून पाहिली: दर खेपेला तोंडाने सांगितलेला आकडाच पुढच्या खेपेला खरं माप म्हणून उतरला होता.

भाची पुन्हा आली तेव्हा त्यांनी टेपकडे न बघताच सांगितलं, "बत्तीस."

"टोमणे नको मारूस, मामा." तिने त्यांच्या हातातली टेप ओढून घेतली. "मीच मोजते."

"मोजू नकोस, बाळा. बस इथे. चहा सांगतो."

ट्रायलरूमचा पडदा सरकला. खाली तिच्या चपला दिसत होत्या.

"चोवीस," आतून आवाज आला.

"पुरे आता. बाहेर ये."

"बावीस. थांब रे जरा... अठरा."

"अगं, ऐक माझं!"

"बारा."

मग नुसतीच टेपची सळसळ.

मास्तरांनी पडदा ओढला.

चपला जागच्या जागी होत्या. त्यांच्यावर ड्रेस उभा होता, कशालाही न टांगलेला. कमरेशी टेपचा वेढा आवळत चालला होता.

"मामा," ड्रेसमधून आवाज आला, "अजून जरा सैलच वाटतोय रे."