आईच्या पानावरची खरवड

भात करपल्याचा वास माजघरापर्यंत पोहोचला, तेव्हा सोयराबाई आत्या धावत स्वयंपाकघरात आल्या... आणि दारातच थबकल्या. दिव्यश्री शेगडीपाशी शांतपणे उभी होती. पातेल्याखालचा जाळ तिनेच मुद्दाम मोठा ठेवला होता!

"अय्यो दिव्या! महालय अमावस्येचा भात जाळतेस?"

"आईसाठी करतेय, आत्या. तुम्हीच म्हणायचात ना, वैनीला करपलेलंच आवडतं?"

आत्यांना ते पटलं. खरोखरच पटलं! त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "खरं गं... खरवड म्हणजे वैनीचा जीव की प्राण!"

कनकपुरा रस्त्यापासून आत, त्या झोपाळू गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घराची रीतच होती. महालयाला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं त्याच्या फोटोपुढे केळीच्या पानावर वाढायचं, दार लावून घ्यायचं, त्याला निवांत जेवू द्यायचं. मग ते पान घरच्या कर्त्याने संपवायचं, टाकायचं नाही. आजोबांच्या पानाशी दरवर्षी ब्रँडीची बाटली असे. ज्या ब्रँडीने ते गेले, तीच. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आज आईचं पहिलं पान होतं, आणि दिव्यश्री शहरातल्या जे. पी. नगरहून आली होती ती एकाच इच्छेने... वडिलांना, अप्पांना, ते पान खाताना डोळे भरून पाहायचं!

आईच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. तापाचं नुसतं निमित्त झालं. "घरात मटण होत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा आत्या केवढ्या अभिमानाने म्हणाल्या होत्या, "दर रविवारी होतं!" होत होतंच. नळी अप्पांना, चांगले तुकडे धाकट्या भावाला, अभिराजला, आणि सगळे उठल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेली मानेची हाडं आईला. "मला तेच आवडतं," म्हणत आई हसायची, आणि ते हसू सगळ्यांनी किती सोयीने खरं मानलं होतं!

दिव्यश्रीने पान मांडलं. काळी खरवड, मानेची हाडं, सकाळची नाचणीच्या गोळ्याची मोडकी मुद्दे, सायीचा थर धरलेला गार चहा.

"अक्का, हे काय?" अभिराज कुजबुजला. "पाव्हणे बघतायत. स्वल्प बरं दिसेल असं तरी वाढ."

"आईच्या आवडीचं आहे. यात तिला न आवडणारं काय आहे, ते सांग. मी काढते."

अभिराज पानाकडे पाहत राहिला. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याच्या बहिणीला त्या क्षणी जे सुख झालं, ते फार गोड नव्हतं. पण सुखच होतं.

सगळे बाहेर आले, अप्पा मात्र आतच रेंगाळले. "दार मी लावतो," एवढंच म्हणाले.

दार उघडलं तेव्हा आत्यांनी किंकाळीच फोडली. आईच्या पानावर, खरवडीच्या शेजारी, एक टपोरी नळी होती!

"वैनी आल्या! नाहीतर... मांजर शिरलं असेल!"

"मांजर नळी पळवतं आत्या, वाढत नाही," अभिराज म्हणाला.

"मी ठेवली," सयाजीअप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्यासाठी काढून ठेवलेल्या वाटीतली."

दिव्यश्रीच्या छातीत वर्षभर साठलेलं सगळं उसळून आलं. "एक नळी, अप्पा? आयुष्यभराची एक नळी... तीही फोटोला?"

"दादाने विचारलं असतं तरी वैनी नकोच म्हणाल्या असत्या!" आत्या मध्ये पडल्या.

"म्हणून तर विचारायचं नव्हतं, सोयरा," अप्पांचा आवाज फाटला. "वाढायचं होतं..."

मग ते पानावर बसले आणि नळी बाजूला ठेवून खरवड खाऊ लागले. ती दातांत अडकली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी तांब्याला हात लावला नाही. दिव्यश्री समोर बसून पाहत राहिली. तिने एकदाही "पुरे" म्हटलं नाही. चहाची सायसुद्धा त्यांनी बोटाने पुसून खाल्ली.

मग घरच्यांची पंगत बसली. मटणाचं पातेलं फिरत तिच्यापर्यंत आलं. तिने वाढून घेतलं, आणि अप्पांचा हात थांबला.

"दिव्या... तू मान कधीपासून खातेस?"

"मला तीच आवडते," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले, आणि तिने हातातला घास ताटात परत ठेवला. जे. पी. नगरमधला तिचा स्वयंपाकघराचा ओटा डोळ्यांपुढे आला. नवऱ्याची वाटी, मुलीची वाटी, आणि सगळ्यांत शेवटी, उभ्या उभ्या, पातेलं खरवडून खाणारी ती...

अप्पांनी आईच्या पानावरची नळी उचलली आणि तिच्या ताटात वाढली.

तिने ती ताटाच्या काठावर ठाण ठाण आपटली आणि भर पंगतीत, सगळ्यांसमोर, आवाज करत चोखली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"अगं, बाईमाणसाने असं..." आत्या पुटपुटल्या.

"आत्या," रिकामं हाड खाली ठेवत दिव्यश्री म्हणाली, "खरवड अजून पुष्कळ आहे. अभिराजला वाढा. आणि थोडी तुम्हीही घ्या."

अप्पांनी आपलं पान पुढे केलं. "मला पण," ते म्हणाले.