आंबट वाटी

"मी विष घातलं नाही हो," सूनबाई नाक ओढत म्हणाली. "पण संध्याकाळी पोलीस मला न्यायला येणारेत."

मास्तरांना हे रडणं पटलं नाही. निवृत्तीनंतर डिटेक्टिव्ह बाईंच्या मागे फिरून ते पक्के संशयी झाले होते, आणि हिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

सासरे मधुमेही. त्यांच्यासाठी ती आंबट फळं साखरेऐवजी परसातल्या एका झुडपाचा पाला घालून शिजवायची. बडीशेपेच्या वासाचं ते झुडूप दरवर्षी नव्याने फुटे, आणि त्याच्या पाल्याने आंबटपणा पार मरे. काल पाला तोडून, टोपली ओट्यावर ठेवून ती अंघोळीला गेली. आल्यावर पाला चिरून पातेल्यात टाकला. जेवताना सासऱ्यांनी आंबट लागतंय म्हणून अर्धी वाटी तशीच ठेवली, आणि थोड्याच वेळात त्यांचे हातपाय लुळे पडले. दवाखान्यात पोटातून निघाला तो ओढ्याकाठच्या विषारी झुडपाचा पाला, दिसायला थेट तसाच. हिने स्वतः चमचाभरही चाखलं नव्हतं, याची मास्तरांनी मनात नोंद केली.

घरात तिसरा फक्त पुतण्या. परसाची जागा विका म्हणून तो काकांच्या मागे लागला होता आणि काका दाद देत नव्हते.

"मीही त्याच पातेल्यातलं वाटीभर खाल्लं," तो म्हणाला. "नेहमीसारखं गोड होतं. मला कुठे काय झालं? म्हणजे विष काकांच्या वाटीतच पडलं. वाढलं कुणी ते बघा."

पातेलं मात्र त्याने लगेच घासून टाकलं होतं, वहिनीला मदत म्हणून.

बाईंनी परसातलं एक पान चुरगळून सूनबाईच्या नाकाशी धरलं आणि वास विचारला.

"काहीच येत नाही. सर्दीने नाक बंद आहे. म्हणून तर आंबटाला हात लावला नाही."

"आणि म्हणूनच टोपलीतला पाला बदललेला तुला कळला नाही." बाई पुतण्याकडे वळल्या. "साखर नाही, खरा पाला नाही. तुला गोड कसं लागलं?"

पुतण्याने लगेच पवित्रा बदलला. वहिनीनेच चुकून ओढ्याकाठचा पाला तोडला असेल, म्हणाला.

"मग खाल्ल्याचं खोटं कशाला? घासभर खाल्लं असतंस तर तूही आंबट म्हणाला असतास, आणि आज काकांच्या शेजारच्या खाटेवर असतास. खाल्लं नाहीस, कारण आत काय आहे ते तुलाच माहीत होतं."

पुतण्या दाराकडे सरकला.

"मामंजी नको म्हणत होते," सूनबाई पुटपुटली. "पथ्याचं आहे, संपवा, म्हणून मीच मागे लागले होते."

"त्यांनी तुझं ऐकलं नाही म्हणून वाचले," बाई म्हणाल्या. " शुद्धीवर आलेत. तुलाच विचारतायत."

तेव्हा मात्र ती खरंच रडली. मास्तरांनी रुमाल पुढे केला, पण तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.