मलिक अंबरचा रंग

“बाई, तुमचा मलिक अंबर कधी उन्हात गेलाच नव्हता का हो?”

आवाज खालून आला. मी शिडीच्या पाचव्या पायरीवर उभी, एक ब्रश हातात, दुसरा दातांत. दचकून वळले आणि गेरूचा डबा कलंडला... तो थेट खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर!

“अगं बाई! सॉरी... सॉरी हं!”

“असू द्या. रविवारचा सदरा होता, आता रोजचा झाला.”

तो हसला. मी मात्र बघतच राहिले. उंच, काळाभोर, दाट बारीक कुरळे केस. आठवडाभर जो चेहरा मला कापडावर जमत नव्हता, तसा एक जिवंत चेहरा खाली उभा राहून सदरा झटकत होता!

“बघा, बघा,” तो म्हणाला. “नगरात सगळेच बघतात. तुम्ही निदान कामासाठी तरी बघताय.”

मी लाजेनं लाल झाले असते, पण माझ्या रंगावर लाल दिसत नाही.

ही गोष्ट बाहत्तरच्या जानेवारीतली. मी, मार्था फिलिप साळवे, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या नगरच्या संग्रहालयातल्या काकासाहेबांनी एक नवीच टूम काढली होती. आफ्रिकेतून आलेल्या हबशी माणसांचा इतिहास आणि त्यांची कला, असा एक अख्खा रविवार साजरा करायचा. फाटकावर पाटी लागली होती : ‘मुलाबाळांसह या’. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला, त्याचं दहा फुटी चित्र दारात लावायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं होतं.

“तुम्ही... कुठले?” मी विचारलं.

“कारवार जिल्ह्यातला. हल्याळच्या रानात आमची वस्ती आहे. आमचे खापरपणजोबा पोर्तुगीजांच्या तावडीतून पळून तिथं लपले. मी जुजे सिद्दी. नागापूरला लेथवर काम करतो. फाटकावर ‘हबशी’ वाचलं, म्हटलं, कुणी नावं ठेवलीत ते बघून यावं. तर इथं आमच्या माणसाला वजीर केलेलं!”

“आम्ही नाही केलं. तो स्वतःच झाला.”

त्यानं मान वर करून चित्राकडे पाहिलं. मग म्हणाला, “बसू का मी इथं? तुमचा रंग जमेपर्यंत?”

आणि तो बसला. त्या दिवशी, आणि पुढचा सबंध आठवडा. कारखाना सुटला की सायकल मारत यायचा, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा. दारात पहारेकरी गोरक्षनाथ चहाचा पेला घेऊन बसलेला असायचा. तो मधूनच म्हणायचा, “बाई, चित्तर हुबेहूब व्हायला लागलं हाय. पर तुमी कापडाकडं कमी अन् मानसाकडंच लई बघताय!”

“गोरक्षनाथ, चहा निवतोय तुमचा!”

जुजे मान न हलवता हसायचा. नुसते डोळे हसायचे त्याचे...

मी पहिल्यांदा सरळ काळा रंग लावला, तर चेहरा कोळशासारखा मेला. मग त्यात निळा घातला, किरमिजी घातला. उतरत्या उन्हात त्याच्या गालावर तांबूस झाक यायची, मानेवर जांभळी सावली पडायची. एवढे रंग मी कधी बघितलेच नव्हते.

“काय शोधताय एवढं?” त्यानं विचारलं.

“तुमच्या कपाळावर थोडा हिरवासुद्धा आहे.”

“मशीनचं तेल असेल.”

मी एवढी हसले, की ब्रश ठेवून द्यावा लागला. हसता हसता पदरानं चेहरा पुसला, आणि पदरावर पांढरी पावडर उतरली. ती त्यानं पाहिली.

“ही कशाला लावता?”

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. “तीन स्थळं बघून गेली. मुलगी शिकलेली, गाते छान, पण रंग... असं म्हणून. येत्या रविवारी चौथं येतंय, श्रीरामपूरचं. चार वाजता. आईनं मोठा डबा आणलाय.”

त्यानं स्टूल मागे सारलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मी महिनाअखेरीस नोकरी सोडतोय. गावी चाललो. खोलीखाली पोरं मागं लागतात, मोठी माणसं हसतात. दोन वर्षं सोसलं. आता कंटाळा आला.”

मी ब्रश पाण्यात घातला. पाणी जांभळं झालं. त्या संध्याकाळी निघताना तो फाटकाशी थांबला.

“रविवारी मी डमाम वाजवणार आहे. आमचा ढोल. काकासाहेबांनीच विचारलं. साडेतीनला. तुम्ही असाल?”

“पप्पांनी तीनला घरी बोलावलंय.”

“हं,” तो म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकली.

रविवारी चर्च सुटलं तशी माणसं संग्रहालयाकडे वळली. मळ्यांतून बैलगाड्या आल्या. आयाबाया कडेवर पोरं घेऊन चित्रासमोर उभ्या राहत होत्या. “केवढा रुबाबदार हाय बया!” एक आजीबाई म्हणाल्या. अंगणात मुलं मातीचे किल्ले करत होती, काकासाहेब त्यांना मलिक अंबर मोगलांना कसा चकवायचा ते सांगत होते. कोपऱ्यातल्या टेबलावर मी मुलींना मुखवटे रंगवायला देत होते. एक चिमुरडी माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, मला तुमच्यासारखा रंग करून द्या ना.” मी करून दिला.

तीन वाजले. मी हात धुतले, पर्स घेतली, फाटकापर्यंत गेले. आणि मागून पहिला ठोका आला.

त्यानं वेळेआधीच सुरुवात केली होती!

तो ठोका पायांतून वर चढत होता. मुलं नाचायला लागली, मग त्यांच्या आया, मग चक्क गोरक्षनाथ. ज्या पोरांना बघून जुजे वाट बदलायचा, तसलीच वीस-पंचवीस पोरं त्याच्याभोवती फेर धरून ओरडत होती, “अजून! अजून!” मी पर्स खाली ठेवली.

पावणेचारला पप्पा आले. घामाघूम, टाय वाकडा झालेला.

“मार्था! मंडळी लवकरच घरी येऊन बसलीत. आणि तू... चेहऱ्याला काहीच लावलं नाहीस?”

“नाही पप्पा. लावणारही नाही. मी येत नाही.”

“त्यांना काय सांगू?”

“सांगा, मुलीच्या मनात दुसरं कुणी आहे.”

बोलून गेले, आणि माझेच कान तापले. ढोल थांबला होता. जुजे दहा पावलांवर उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग वर चित्राकडे पाहिलं. चित्रापुढे ते जरा जास्तच थांबले.

“हे तू काढलंस?”

“हो.”

“हं...” त्यांनी चष्मा पुसला. “आजवर तुला त्या लोकांपुढे बसवलं, ते चुकलंच माझं.” मग जुजेकडे वळून मास्तरी आवाजात विचारलं, “चर्चला जाता का?”

“जातो ना. दर रविवारी.”

“कुठल्या?”

“कॅथलिक आहे मी.”

“कॅथलिक!” पप्पांनी कपाळाला हात लावला. “अरे देवा, मार्था... कॅथलिक?”

आम्ही प्रोटेस्टंट, एवढंच खुपलं त्यांना! मला हसू आवरेना. पप्पा मंडळींना चहा पाजून वाटेला लावायला निघाले, आणि चार पावलं जाऊन परत वळले. “पुढच्या रविवारी जेवायला या. बोलू. कबूल काहीच केलेलं नाही मी!”

ते गेले. आम्ही दोघंच समोरासमोर उरलो, भोवती पोरांचा गलका.

“बाई,” तो म्हणाला, “ते... मनातलं दुसरं कुणी म्हणजे...?”

“महिनाअखेरीस गावी जाणार होता तो.”

“होता?”

“ते त्यालाच विचारायला हवं.”

त्यानं बाहीनं कपाळावरचा घाम पुसला. मग हळूच म्हणाला, “जात नाही, मार्था. तुम्ही हाकललं तरी जात नाही.”

“दादा, वाजवा ना!” पोरांनी त्याला ओढत नेलं. त्यानं ढोल गळ्यात अडकवला, हात उचलला, नजर मात्र माझ्यावरच होती... आणि पहिलाच ठोका चुकला.