गतजुळणी

पडद्यावर आकडा होता तीनशे बारा.

तो शलाका तांडेलचा होता. पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षाची मौखिक परीक्षा द्यायला ती प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाच्या एका टोकाला बसली होती. दुसऱ्या टोकाला तिचे मार्गदर्शक प्राध्यापक विश्राम केळुसकर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. नलिनी बोर्डे होत्या. गेल्या आठवड्यात संगणकाने शलाकाची प्रतिकृती तयार करून तिच्याकडून हजार वेळा चाळीस-चाळीस वर्षांची नोकरी करवून घेतली होती. त्या हजार नोकऱ्यांपैकी तीनशे बारांचा शेवट विहिरीच्या उद्रेकाने झाला होता. कायद्याने मुभा दिली होती ती दहांची.

जमिनीतून तेल काढणे जगाने केव्हाच थांबवले होते; परंतु तेल काढण्यासाठी पाडलेली भोके शिल्लक होती. समुद्राच्या तळाशी अशा हजारो विहिरी गंजत होत्या, झिरपत होत्या. त्या सिमेंटने कायमच्या बुजवायच्या, आणि प्रत्येक विहीर खरोखर बुजली आहे असे सहीनिशी सांगायचे, एवढ्यासाठीच आता ही पदवी उरली होती. ती सही फक्त पदवीधराला करता येई. देवगडच्या दक्षिणेला खारवणे नावाचे गाव आहे. त्याच्या समोरच्या समुद्रातली सतरा क्रमांकाची विहीर झिरपत असल्यामुळे तिथली मासेमारी बंद होती आणि विहीरबंदीच्या तराफ्यावर सही करायला अभियंता मिळत नव्हता. शलाका खारवण्याची होती. या पदवीला ती त्यासाठीच आली होती.

"तांडेल," बोर्डे म्हणाल्या, "निकालावर तुमची हरकत आहे असं दिसतंय. हरकतीचं नंतर पाहू. मी स्थापत्यशास्त्राची आहे. केळुसकरांच्या या पद्धतीवर सही करायला मला दिल्लीहून पाठवलंय. तेव्हा आधी ती मला समजावून सांगा. शहाण्या माणसाला सांगतात तसं नको, मला सांगा."

केळुसकरांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले. शलाकाने मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला.

"मॅडम, तेलाचा साठा कोणी पाहिलेला नसतो. तो दोन-तीन किलोमीटर खाली, खडकाच्या छिद्रांत असतो. आपल्याकडे असतं ते फक्त वर आलेलं: किती तेल निघालं, किती पाणी निघालं, दाब कसा उतरला. मग आपण संगणकात एक कल्पित साठा रचतो. त्याचे गुणधर्म बदलत राहायचे आणि पाहायचं की, खऱ्या विहिरींनी गेल्या तीस वर्षांत जे दिलं तेच हा कल्पित साठा देतो का. देऊ लागला की गतजुळणी झाली. भूतकाळ जुळला. मग तोच साठा पुढे चालवायचा आणि भविष्य वाचायचं."

"आणि केळुसकरांनी हेच माणसांवर केलं."

"माझ्यावर केलं," शलाका म्हणाली. "चार वर्षांत मी जे जे केलं ते माझं उत्पादन. त्याच्याशी जुळेल अशी एक शलाका रचली आणि तिला नोकरीवर पाठवलं."

"तीन लेखी परीक्षांनी माणूस कळत नाही, हे तरी मान्य कराल की नाही?" केळुसकर बोर्डे यांच्याकडे वळून म्हणाले. त्यांचा सूर वाद घालण्याचा होता, पण कडवट नव्हता. "आमच्या काळी पाठांतरावर पास झालेल्या एकाने सही केली आणि अकरा माणसं गेली. त्यांच्यापैकी दोघे माझ्या खोलीत राहत होते. म्हणून ही पद्धत काढली. माझ्या कोणाही विद्यार्थ्यावर माझा राग नाही, हिच्यावर तर मुळीच नाही."

"ते दिसतंच आहे. निकाल सांगताना तुमचाच आवाज बसला होता." बोर्डे यांनी चष्मा पुसला. "बरं, तांडेल. हरकत काय?"

"सरांनीच पहिल्या वर्षी शिकवलेली आहे. एकाच भूतकाळाशी जुळणारे साठे अनेक असतात. खडकाच्या ज्या भागात एकही विहीर नाही, तिथे काहीही कल्पिलं तरी भूतकाळ जुळतो; भविष्य मात्र जुळत नाही. मी त्या तीनशे बारा नोकऱ्या उघडून पाहिल्या. सगळ्या एकाच जागी फुटतात."

"कोणत्या?"

"दाबकसोटीत. विहिरीत सिमेंटचं बूच बसवल्यावर वरचा दाब उतरवतात आणि दाबमापकाकडे पाहत थांबतात. काटा स्थिर राहिला तर बूच घट्ट आहे. चढू लागला तर खालून गळतंय. माझ्या प्रतिकृतीसमोर काटा चढतो. वरिष्ठ म्हणतात, मापक बिघडलंय, सही कर. आणि ती सही करते. दर वेळी."

"तुम्ही केली नसती?"

"ते मला ठाऊक नाही, मॅडम. पण संगणकालाही ठाऊक नाही. तिथे विहीर पाडलेलीच नाही."

"अगदीच नाही असं कसं म्हणतेस?" केळुसकर म्हणाले. "दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक आहे ना."

शलाकाने बोर्डे यांना ते प्रात्यक्षिक सांगितले. वालुकाश्माच्या बोटभर नळकांडीतून पाणी ढकलायचे आणि खडक पाण्याला किती वाट देतो, म्हणजे त्याची पार्यता किती, ते काढायचे. नळकांडी गेली पंधरा वर्षे तीच. उत्तर सर्वांना पाठ. त्या उत्तराच्या आसपास वाचन आले तर प्रात्यक्षिकाचे मास्तर सही करत. न आले तर "पुन्हा करून आणा". शलाकाच्या यंत्राने जवळजवळ दुप्पट आकडा दाखवला. तिने पुन्हा केले, तोच आला. तिसऱ्यांदा केले; तोच. मग साऱ्या वर्गाने जे उत्तर दिले तेच तिने दिले. पाठ असलेल्या उत्तरावरून मागे हिशेब करत गेली, वाचने जुळवली आणि सही घेतली.

"साऱ्या वर्गाने," बोर्डे म्हणाल्या. "मग साऱ्या वर्गाच्या प्रतिकृती का नाही फुटल्या? तुमच्या वर्गातले बाकीचे बत्तीस जण पास आहेत."

"त्यांनी यंत्र सुरूच केलं नव्हतं, मॅडम. आदल्या वर्षीच्या मुलांची वाचनं उतरून घेतली. यंत्र आपली नोंद आपोआप मध्यवर्ती साठवणीत टाकतं. त्यांची नोंदच नाही. दिलेला आकडा तेवढा आहे, आणि तो चोख आहे. माझी नोंद आहे आणि दिलेला आकडा वेगळा आहे. माझ्या प्रतिकृतीने त्यातून एवढंच शिकून घेतलं, की काटा आणि अपेक्षा यांच्यात फरक पडला तर काटा बदलायचा."

बोर्डे यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे ज्यांनी यंत्राला हात लावला नाही ते निर्धोक ठरले."

"गणिताच्या दृष्टीने, होय," केळुसकर म्हणाले. ते खिन्न झाले होते. पद्धतीतले हे भगदाड त्यांनाही आजच दिसले होते, आणि ते पद्धतीच्या बाजूने वाद घालणारे गृहस्थ असले तरी दिसलेले नाकारणारे नव्हते. ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "हे नीट करायचं तर नियम बदलावा लागेल. दोन-तीन वर्षं जातील. पण हिच्यापुरतं आज करता येईल. नियमात एक कलम आहे. यंत्र सदोष होतं असं विद्यार्थ्याने आणि मार्गदर्शकाने मिळून लिहून दिलं, तर त्या यंत्राची नोंद वगळता येते. नोंद वगळली की ही इतरांसारखी होईल. मी मघाशीच करून पाहिलं. आकडा सहावर येतो."

"यंत्र सदोष होतं का?" बोर्डे यांनी विचारले.

"दुप्पट आकडा दाखवणारं यंत्र निर्दोष कसं असेल?"

"यंत्र ठीक होतं, सर," शलाका म्हणाली. "नळकांडीला तडा गेला होता. गेल्या महिन्यात मी ती क्ष-किरणांखाली पाहिली. आरपार तडा आहे. पाणी दुप्पट जाणारच. माझं पहिलं वाचन बरोबर होतं."

"आता ती नळकांडी कुठे आहे?"

"या कपाटात. यंदाची दुसऱ्या वर्षाची मुलं तिच्यातून जुनंच उत्तर काढतायत."

बोर्डे हसल्या, पण हसू लगेच मावळले. केळुसकरांनी टेबलावर एक कागद ठेवला आणि तो शलाकाकडे सरकवला. त्यावर त्यांची सही आधीच होती.

"हे बघ," ते म्हणाले, "तडा की यंत्र, हा वाद आपण पुढे घालू. मलाही घालायचाय. पण सतरा नंबरची विहीर वाद संपेपर्यंत थांबणार नाही. तराफा पुढच्या महिन्यात निघतोय. तुझे वडील पाच वर्षं होडी वर ओढून बसलेत. इथे आपण तिघंच आहोत आणि तू लायक आहेस हे तिघांनाही माहीत आहे. यंत्रात दोष होता, एवढी एकच ओळ." मग त्यांच्या तोंडून त्यांच्या गावची बोली आली. ती कॉलेजात कोणी ऐकली नव्हती. "सही कर गो, बाय माझे. माका तुजा वाईट करूचा नाय."

शलाकाने कागद वाचला. ओळ खरोखरच एक होती. तिला वडिलांची होडी आठवली. तिच्या तळाला चोपडलेल्या तेलाला आता उन्हाचा वास येऊ लागला होता. तिने पेन उचलले आणि बराच वेळ हातात धरले.

"नाही, सर," ती म्हणाली. "यंत्राने खरं सांगितलं होतं. तेव्हा मी त्याला खोटं पाडलं. आता परत नाही पाडवणार."

तिने कागद परत सरकवला.

मौखिक परीक्षेचा प्रत्येक शब्द विद्यार्थ्याच्या नोंदीत जमा होतो, हा नियमही केळुसकरांचाच होता. पडदा क्षणभर रिकामा झाला आणि त्यावर नवा आकडा आला. शलाका तांडेल : चार.

"पाहा," केळुसकर जवळजवळ कुजबुजले. "रिकाम्या जागी विहीर पडली. वरिष्ठ म्हणतो मापक बिघडलंय, सही कर. आणि ही करत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. "पद्धत चुकलेली नव्हती. तिला फक्त एक वाचन हवं होतं."

बोर्डे मात्र पडद्याची दुसरी ओळ वाचत होत्या. विहीरबंदीवर सही करण्याचा अधिकार प्राध्यापकांना आणि परीक्षकांनाही असतो, म्हणून त्यांच्याही प्रतिकृती असतात आणि परीक्षेतले त्यांचे शब्दही त्यांच्या नोंदीत जातात. बोर्डे यांच्या आकड्यात फरक पडला नव्हता. त्यांनी फक्त प्रश्न विचारले होते. खाली लिहिले होते : विश्राम केळुसकर : दोनशे नव्वद. सहीचा अधिकार स्थगित.

काटा चढत असताना सही करायला सांगणारा वरिष्ठ हजार नोकऱ्यांत काय काय करील, ते संगणकाने मोजले होते.

"बरोबर आहे," अखेर केळुसकर म्हणाले. ते सावकाश खुर्चीत बसले. "मीच केलेलं गणित आहे. त्याने मला तरी का सोडावं?"

"पदवीवर मार्गदर्शकाची सही लागते," बोर्डे म्हणाल्या. "ती दुसऱ्या कोणाची घेता येईल, पंधरवडा लागेल. तांडेल, निकालपत्रक एकच आहे. दोन्ही आकडे त्यावर येतील. तुम्हाला मान्य आहे एवढं म्हणा."

"मला मान्य नाही, मॅडम."

"चार आहे तुमचा. पास झालात."

"एका वाक्यावर झाले. सर एका वाक्यावर गेले. मी मघाशी म्हटलं, या इतिहासाशी जुळणाऱ्या शलाका अनेक आहेत. तर मग आजच्या इतिहासाशी जुळणारे केळुसकर सरही अनेक असणार. एकजण विहिरीवर खोटी सही करील. दुसरा फक्त एका मुलीसाठी एकदाच चुकेल आणि पुन्हा कधी चुकणार नाही. यांतले खरे कोण हे संगणकाला कळलेलं नाही. त्यांचा आकडा चुकीचा असेल तर माझाही आहे. हिशेब एकच आहे."

"तुम्हीच म्हणालात की रिकाम्या जागी विहीर पाडली की कळतं."

"एक विहीर पाडून साऱ्या साठ्यावर कोणी सही करत नाही, मॅडम."

"शलाका, हट्ट करू नकोस," केळुसकर म्हणाले. "माझं वय झालं. तुझं काय?"

"मला वर्षभर तराफ्यावर पाठवा. माझ्याशी भांडणाऱ्या माणसाच्या हाताखाली. खऱ्या विहिरीवर, खऱ्या काट्यापुढे. मग ठरवा."

"आम्ही तसेच शिकलो होतो," केळुसकर स्वतःशीच म्हणाले.

"आणि तोवर सतरा नंबरवर सही कोण करील?" बोर्डे यांनी विचारले.

"जो करील त्याच्या शेजारी मी उभी असेन. काटा वाचायला पदवी लागत नाही."

तिने दोघांना नमस्कार केला, कपाट उघडून तडा गेलेली नळकांडी काढली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि ती बाहेर पडली.

तिचे हेही बोलणे नोंदीत गेले होते. हाती आलेली पदवी नाकारणाऱ्या माणसाला कोणता वरिष्ठ वाकवणार? पडदा पुन्हा रिकामा झाला आणि भरला. हजार नोकऱ्या, चाळीस-चाळीस वर्षे, एकही उद्रेक नाही. शलाका तांडेल : शून्य.

"असा आकडा पूर्वी कोणाचा आला होता?" बोर्डे यांनी विचारले.

"कोणाचाच नाही."

बोर्डे यांनी पद्धतीला मान्यता देणारा दिल्लीचा कागद समोर ओढला आणि पेन उघडले. केळुसकर टेबलावरच्या नळकांडीकडे पाहत होते. उन्हात तो तडा केसासारखा बारीक दिसत होता.

"बाई," ते म्हणाले, "तीस वर्षं माझ्यापुढे मुलांची वाचनं आली. ज्यांच्यात काहीच चूक नसे त्यांवर मी सर्वांत आधी सही करत असे. ती सगळी जुळवलेली होती."

त्यांनी पडद्यावरच्या शून्याकडे बोट दाखवले.

"तुम्ही तशी सही करू नका."

बोर्डे यांनी पेनाला टोपण लावले.