पट्टीच्या कडेचं नाव

पियानो सुरात लावून काम संपलं, की एका पट्टीच्या कडेला, लाकडावर पेन्सिलीने तारीख आणि आपलं नाव टाकायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. पट्टी उपसल्याशिवाय ते दिसत नाही. रियाधला सहर मॅडमच्या पियानोवर मी सोळा वर्षं ‘विश्वनाथ’ लिहीत आलो.

मॅडम मोठ्या वादक. त्यांच्या देशात युद्ध पेटलं तशा मैफली सोडून पत्रं लिहायला बसल्या. तिकडे अडकलेल्या वादकांना औषधं, व्हायोलिनच्या तारा, कुणाला बाहेर पडायला शिफारसपत्र. एखाद्या पत्राला उत्तर गेलं नाही, असं कधी झालं नाही. गेल्या वर्षी त्या वारल्या आणि त्यांची ही मदतसंस्था, माझ्या नोकरीसकट, भाच्याकडे आली. या गृहस्थाने काय करावं? मॅडमच्या पत्रांचं काचेत प्रदर्शन मांडलं, आणि नवीन आलेली पत्रं न फोडताच खोक्यात टाकली. जनाची नाही, निदान मनाची तरी!

प्रदर्शनासाठी पियानो लावायला सोमवारी गेलो, तर तीन पट्ट्या मुक्या. हातोड्या ठीक, तारा ठीक. मग सगळ्याच पट्ट्या उपसल्या. त्या तिघींच्या कडेला मॅडमच्या अक्षरात एकेक नाव होतं. चौथ्या एका पट्टीवरही होतं, ‘अरवा’. ती मात्र वाजत होती.

खोक्यात याच चार नावांची पाकिटं सापडली. चारही मॅडम गेल्यानंतर आलेली.

मी ती फोडली. तिघांनी दिलेली मुदत उलटून गेली होती. अरवा सतरा वर्षांची, व्हायोलिन वाजवणारी. गुरुवारपर्यंत शिफारस आली तर तिला देशाबाहेर जाणाऱ्या शेवटच्या गाडीत घेणार होते. खाली फोन नंबर होता.

“सर, शिफारसपत्रावर फक्त एक सही करा,” मी भाच्याला म्हणालो.

“तू पियानो बघ. बाकीचं प्रदर्शन झाल्यावर. खलास.”

तळपायाची आग मस्तकात गेली. बत्हा भागातल्या माझ्या खोलीवर येऊन गावी बायकोला, रेखाला, फोन लावला आणि भाच्याचा उद्धार केला.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “मॅडमच्या ओळखीचे एवढे वादक आहेत, तुमच्याकडे नंबर आहेत. तुम्हीच सांगा ना कुणाला तरी.”

“माझा इकामा, इथं राहायचा परवाना, त्याच्या हातात आहे. उद्या परत पाठवलं म्हणजे?”

मी भाच्याला शिव्या घालत जेवलो. मंगळवारी घातल्या, बुधवारीही घातल्या.

गुरुवारी दुपारी उद्घाटन झालं. त्या तीन मुक्या पट्ट्या टाळून पाहुणा वादक छान वाजवत होता. मध्येच एक सूर उमटला नाही. लोकांच्या लक्षातही आलं नसेल. भाच्याने माझ्याकडे रागाने पाहिलं.

लोक गेल्यावर मी ती पट्टी उपसली.

‘अरवा’. त्याखाली आजची तारीख.

तारखेपुढे भाच्याचं नाव असणार, याची मला खात्री होती.

अक्षर माझं होतं. ‘विश्वनाथ’. काम संपल्यावर मी टाकतो, तसंच.